गाडी पाणी का मागते? गळतीचा शोध आणि घरच्या घरी रेडिएटर बदलणे



कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या वऱ्हाडात मालगाड्यांना उसंत राहत नाही. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या जिनिंगकडे कापूस जातो, वरुड-मोर्शीकडून संत्रा निघतो, अकोल्याच्या बाजारात सोयाबीन आणि तूर येते. पुष्कळ ठिकाणी दोघा-तिघा भावांनी मिळून जुना ट्रक किंवा मिनी ट्रक घेतलेला असतो. अशा गाडीचे इंजिन तापून जाम झाले तर केवळ दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो असे नाही. ऐन हंगामात गाडी दाराशी उभी राहते, माल दुसऱ्याच्या गाडीने भाडे देऊन न्यावा लागतो, आणि गाडीवर काढलेल्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

इंजिन एका दिवसात जाम होत नाही. त्याआधी बरेच दिवस ते पाणी मागत असते. ड्रायव्हर म्हणतो, “भाऊ, गाडी पानी पेऊन राह्यली.” आणि आपण रोज सकाळी डबाभर पाणी ओततो. खरे पाहता गाडी पाणी पीत नसते. रेडिएटरमधले पाणी इंजिनात जाते, तिथली उष्णता घेते, परत रेडिएटरच्या जाळीत येऊन थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. विहिरीवरच्या मोटेसारखे नवे पाणी त्यात लागत नाही, तेच ते फिरत असते. म्हणून आठवड्यातून दोनदा-तीनदा पाणी टाकावे लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे किंवा इंजिनाच्या आत शिरते आहे, हे पक्के समजावे. ते कुठे जाते याचा पत्ता लागल्याशिवाय नवा रेडिएटर विकत घेऊ नये.

आपल्याकडचे पाणी रेडिएटरला का चालत नाही

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरलेला आहे. इथल्या विहिरी-बोअरचे पाणी ओलिताला चालत नाही आणि पिण्यालाही चालत नाही, हे सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली शेवटची मर्यादा लिटरला २ ग्रॅमची आहे, आणि या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी ती ओलांडतात. जे पाणी आपण प्यायला घेत नाही, तेच गाडीला मात्र बिनदिक्कत पाजतो.

पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेले पाणी धरा. रोज एक लिटर पाणी वाफेने उडत असेल आणि तेवढेच आपण वरून भरत असलो, तर १०० दिवसांत २०० ग्रॅम, म्हणजे जवळपास पावशेर क्षार इंजिन आणि रेडिएटरच्या आत साठतात. पाणी तापवायच्या बंबात जसा पांढरा थर धरतो, तसाच थर जाळीच्या बारीक नळ्यांत धरतो. नळ्या आवळत जातात, पाणी नीट फिरत नाही, गाडी आणखी तापते आणि वाफ आणखी उडते. शिवाय पाण्यातले मीठ धातूला खाते. अल्युमिनियमच्या जाळीला त्याने टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हात बाहेरची हवाच तापलेली असते आणि अर्धी बुजलेली जाळी पूर्ण भाराची गाडी थंड ठेवू शकत नाही.

झाकणाला हात लावण्याआधी

गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. गोणपाट धरूनही उघडू नये. “हळूच एक आटा सोडतो,” असे म्हणूनही उघडू नये.

कारण असे की झाकण हे नुसते बूच नसते. त्याच्या खाली स्प्रिंग असते आणि ती आतले पाणी दाबून ठेवते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला दिसेल, तो या दाबाचा. एवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण ११८ ते १२० अंशांपर्यंत पाणीच राहते. झाकण सैल केले की दाब एकदम जातो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन उकळता फवारा थेट तोंडावर, छातीवर येतो. म्हणून इंजिन बंद करून किमान एक तास थांबावे. वरचा जाड रबरी पाइप हाताने सहज धरता आला तरच झाकणाला हात लावावा. त्याचप्रमाणे तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

कोणी भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नये. चेहरा, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर स्वच्छ कपड्याने झाकून ताबडतोब दवाखाना गाठावा.

गळती कुठे आहे

सर्वांत सोपी तपासणी रात्री करावी. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या भागाखाली खोक्याचे पुठ्ठे किंवा जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. अगदी पुढे, जाळीच्या खाली डाग असेल तर संशय रेडिएटरवर. थोडा मागे, पंख्याच्या खाली असेल तर वॉटर पंपावर. (मिस्त्री लोक त्याला वॉटर बॉडी म्हणतात.) डाग बोटाने चोळून पाहावा, चव घेऊ नये. हिरवा, गुलाबी किंवा निळसर आणि बोटाला किंचित चिकट लागला तर कूलंट, काळा-तपकिरी तेलकट असेल तर ऑइल.

आता उजेडात, थंड गाडीवर, बॅटरी लावून एकेक जागा पाहावी. खाऱ्या पाण्याने आपले एवढे नुकसान केले, पण इथे ते एक काम सोपे करते. जिथून पाणी झिरपते तिथे वाळल्यावर पांढरी किंवा हिरवट रेघ उठते. वरच्या-खालच्या होज पाइपची तोंडे आणि तिथल्या क्लिपा, टाकी आणि जाळी यांचा सांधा, खालचा निचऱ्याचा कॉक, थर्मोस्टॅटचे घर आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचे बारीक भोक इतक्या जागा न चुकता पाहाव्यात. पंपाच्या त्या भोकातून पाणी टिपकत असेल तर पंपाचे सील गेले. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. भोक बुजवले की पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि मग पंप तर जातोच, कधी पंखा तुटून नव्या जाळीत घुसतो.

होज पाइप हाताने दाबून पाहावा. वाळल्या पऱ्हाटीसारखा कडक झाला असेल, किंवा फुगून लिबलिबीत झाला असेल, तर तो बदलायचाच. झाकणाच्या रबरी चकतीला चिरा पडल्या असतील किंवा स्प्रिंग ढिली असेल, तर दाब टिकत नाही आणि पाणी वरच्या बारीक नळीतून निसटते. अशा वेळी कुठेच गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होते. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. शंका असली तर आधी तेच बदलावे, मात्र त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त आकड्याचे झाकण लावले की जुना रेडिएटर फाटतो.

डोळ्यांना काही सापडले नाही तर गॅरेजमधून दाब तपासण्याचा हातपंप आणावा. सायकलच्या पंपासारखाच असतो, वर काटा असतो. थंड गाडीवर तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यावा, वर जाऊ नये. १०-१५ मिनिटे काटा स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही. काटा उतरू लागला तर कुठेतरी पाणी येतच असते, पाठीमागे बॅटरी घेऊन शोधावे.

काटा उतरतो आणि बाहेर मात्र थेंब नाही, असे झाले तर पाणी इंजिनात जात आहे. त्याच्या तीन खुणा. ऑइल पाहायच्या पट्टीला ताकासारखे पांढरट ऑइल लागते. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहतो. आणि सकाळी गार इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केले, की पहिल्या एक-दोन मिनिटांतच रेडिएटरच्या तोंडात सारखे बुडबुडे येत राहतात. यांपैकी काहीही दिसले तर हेड गॅस्केट गेले असावे किंवा हेडला तडा असावा. तिथे नवा रेडिएटर बसवून उपयोग नाही. गाडी चालवत न नेता ओढून गॅरेजला न्यावी, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांना खाते.

एक गोष्ट राहिली. पाणी कमी होत नाही, तरी गाडी तापते, अशी तक्रार कापसाच्या हंगामात फार येते. त्यात दोष बहुधा गळतीचा नसतो. रुईचे तंतू, सोयाबीनचे कुटार आणि धूळ जाळीच्या पाकळ्यांत बसून हवाच जात नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी मारून जाळी धुवावी. जोराच्या धारेने पाकळ्या दुमडतात. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, तेही पाहावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकू नये. त्याने इंजिन धड गरमच होत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते.

हळद, बेसन आणि डाग

रस्त्यात जाळी गळू लागली की ड्रायव्हर मंडळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात. बारीक छिद्र त्याने बुजते, हे खरे. पण ती हळद छिद्र ओळखून फक्त तिथेच बसत नाही, शेजारच्या चांगल्या नळ्याही बुजवते. परतवाड्याहून सेमाडोहकडे घाट चढताना अडकलात आणि गाव गाठायचे आहे, एवढ्यापुरते समजू शकते. दुसऱ्या दिवशी मात्र सारे पाणी काढून, धुऊन टाकावे. बेसन, साबण, बाजारातली गळती थांबवण्याची पूड, सर्वांची गोष्ट हीच.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल आणि एखादे छिद्र असेल, तर चांगला रेडिएटरवाला डाग लावून देतो. वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई मारून साफही करतो. अशा वेळी नवा घेण्याची घाई नको. परंतु पाकळ्या बोटाने चोळताच पापडासारख्या चुरत असतील, दोन-तीनदा डाग लावूनही नव्या जागी गळत असेल, तर जाळीचे आयुष्य संपले. नव्या गाड्यांची जाळी अल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. प्लास्टिकला तडा गेला की डाग लागत नाही, रेडिएटर बदलावाच लागतो.

बदलताना

हे काम दोन माणसांचे आहे, एकट्याने करू नये. गाडी सपाट जागी, हॅन्डब्रेक ओढून, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून उभी करावी. इंजिन पूर्ण थंड हवे. किल्ली काढून खिशात ठेवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. काही गाड्यांचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरतो. केबिन पुढे कलंडणारी असेल तर ती पूर्ण उचलून तिची आडणी पक्की बसल्याशिवाय खाली डोके घालू नये. नुसत्या लाकडाच्या टेकूवर केबिन ठेवून काम करणे म्हणजे जिवाशी खेळ.

आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. कोणती क्लिप कुठे, कोणता रबर वर आणि कोणता खाली, हे दोन तासांनी आठवत नाही. मग खाली मोठे घमेले ठेवून झाकण काढावे आणि कॉक सोडून पाणी उतरवावे. वरचा पाइप, खालचा पाइप आणि बारीक नळी सोडवावी. पाइप चिकटला असेल तर हाताने पीळ देऊन सोडवावा. पेचकस घालून उचकटला तर रेडिएटरचे तोंड वाकते. पाइप जुनाच असेल तर सरळ कापून काढावा.

पंख्याभोवतीचे कवच सोडवून मागे सरकवावे. पंखा आणि जाळी यांच्या मध्ये पुठ्ठा धरावा. मग बाजूचे बोल्ट काढून दोघांनी रेडिएटर सरळ वर उचलावा, तिरपा करू नये. टर्बोच्या गाडीत पुढे दुसरी एक जाळी असते. ती हवेची, पाण्याची नव्हे. एसीची गाडी असेल तर पुढच्या जाळीच्या बारीक गॅसच्या नळ्यांना अजिबात हात लावू नये.

नवा रेडिएटर बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून ताडून पाहावा. उंची, रुंदी, पाइपांच्या तोंडांची जाडी, बोल्टची भोके सर्व जुळले पाहिजे. दुकानदार म्हणेल, “बसते हो भाऊ, थोडं ठोकून घ्या.” ठोकून बसवलेला रेडिएटर थरथरीने वर्षभरात सांध्यातून फाटतो. जुळत नसेल तर परत करावा. तोंडांत बसवलेली प्लास्टिकची बुचे काढायला विसरू नये.

आता महत्त्वाचे. इंजिनाच्या आतला जुना गाळ तसाच ठेवून नवा रेडिएटर लावला, तर तो गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून वरच्या पाइपाच्या जागेतून स्वच्छ गोडे पाणी सोडून, खालून नितळ पाणी येईपर्यंत इंजिन धुवावे. थर्मोस्टॅट बंद असल्याने पाणी जात नसेल तर तेवढ्यापुरता तो काढून ठेवावा आणि नव्या गॅस्केटसह परत बसवावा. त्यानंतर नवे रबर ठेवून रेडिएटर जागी उतरवावा. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे बसवावेत, मग पान्ह्याने आवळावेत. क्लिप पाइपाच्या टोकाशी नको, रेडिएटरच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. पंखा हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे. कॉक बंद केला का, हे पुन्हा एकदा पाहावे.

काय भरावे

“आपल्याकडे काई बर्फ पडत नाई, मंग कूलंट कायले पाह्यजे?” असे पुष्कळ जण विचारतात. बर्फासाठी नव्हेच. कूलंटमध्ये गंज रोखणारी औषधे असतात आणि त्याच्या मिश्रणाला उकळी उशिरा येते. वऱ्हाडात ही दोन्ही कामे काश्मीरपेक्षा जास्त गरजेची आहेत. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घ्यावे, रंग पाहून घेऊ नये. निरनिराळ्या कंपन्यांचे रंग सारखे असले तरी आतली द्रव्ये वेगळी असतात. घट्ट कूलंट असेल तर त्यात बॅटरीत टाकायचे शुद्ध पाणी मिसळावे, बहुधा निम्मे-निम्मे, आणि प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. तयार मिश्रणात आणखी पाणी घालू नये. अडचणीच्या वेळी छपराचे गाळलेले पावसाचे पाणी चालेल. वान किंवा शहानूर धरणाच्या योजनेचे नळाचे पाणी त्यानंतर. बोअर आणि हापशीचे पाणी नको.

हळूहळू भरावे, मधून मधून पाइप दाबावेत म्हणजे आत अडकलेली हवा निघते. बॅटरीची तार जोडावी आणि झाकण न लावता इंजिन गार असतानाच मंद सुरू करावे. तोंडावर वाकू नये. काही वेळाने वरचा पाइप एकाएकी गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, तेवढे भरून झाकण लावावे. ज्या गाडीत दाबाची प्लास्टिक टाकी असते, त्यात तिथूनच भरावे, कमाल खुणेच्या वर नाही.

लगेच कापूस भरून घाटाकडे निघू नये. आधी रिकामी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी आणि प्रत्येक क्लिप पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघावी, बहुधा थोडी भर घालावी लागते. पुढचे तीन-चार दिवस रोज पाहावे. चालताना काटा लाल खुणेकडे गेला तर ढाबा येईपर्यंत ओढू नये, तिथेच बाजूला घेऊन थांबावे.

काढलेले जुने कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये. ते चवीला गोड असते, म्हणून कुत्री, शेळ्या, वासरे आणि लहान पोरेही तोंड लावतात. त्यातले ग्लायकॉल हे जहर आहे, थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होतात. सुरुवातीला जनावर नुसते झिंगल्यासारखे दिसते आणि मग बरे वाटते, पण आतून काम चालूच असते. जनावराने तोंड लावले असे नुसते वाटले तरी लगेच पशुवैद्यकाकडे, आणि माणसाच्या बाबतीत लगेच दवाखान्यात जावे व काय पोटात गेले ते सांगावे. जुने कूलंट धुऱ्यावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर “जहर” असे लिहून गॅरेजला द्यावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर मोडीत वजनावर जातो. लोखंडाच्या भावात देऊ नका.